‘मूकबधिर’मधले ‘मूक’ कोण?

भारतीय पुरावा कायद्यातील ११९ व्या कलमाचे शीर्षक १८७२ पासून ‘मुके साक्षीदार’ असे होते. ज्याला बोलता येत नाही त्याने भर न्यायालयात लिहून वा खुणा करून साक्ष द्यावी आणि ती तोंडी साक्षच मानली जावी, एवढीच सोय त्यात होती. त्या खुणांचा अर्थ कोणी लावायचा, याविषयी कलमात अवाक्षर नव्हते. १४१ वर्षांनी, २०१३ मध्ये फौजदारी कायद्यांत दुरुस्ती झाली तेव्हा हे शीर्षक गेले. त्याजागी ‘तोंडी संवाद साधू न शकणारा साक्षीदार’ अशा अर्थाचे शीर्षक आले आणि त्याबरोबर कलमाचा आशयही पालटला. साक्षीदाराला तोंडी संवाद साधता येत नसेल तर न्यायालयाने दुभाष्याची किंवा विशेष शिक्षकाची मदत घ्यावी आणि त्या जबाबाचे चित्रीकरण करावे, असे बंधन घालण्यात आले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या १२५ व्या कलमात ही तरतूद कायम आहे.

शब्द आणि सोय एकाच वेळी बदलावी हे सूचक आहे. ‘मुका’ म्हटले की विषय तिथेच संपतो. ज्याला बोलताच येत नाही त्याला विचारायचे काय? ‘तोंडी संवाद साधू शकत नाही’ असे म्हटले, की मग तो संवाद साधतो कसा, हा प्रश्न ओघाने येतो आणि दुभाष्याचा शोध सुरू होतो. कर्णबधिरांविषयी कोणते शब्द वापरावेत, ही चर्चा आपल्याकडे शिष्टाचाराची किंवा फार तर भावना न दुखावण्याची मानली जाते. पोलीस ठाण्यात तक्रार द्यायला आलेल्या किंवा रुग्णालयात शस्त्रक्रियेच्या संमतिपत्रावर सही करणाऱ्या कर्णबधिर व्यक्तीच्या दृष्टीने ती त्याहून बरीच गंभीर बाब ठरते.

मराठी वृत्तपत्रांत, शाळांच्या पाट्यांवर आणि रोजच्या बोलण्यात आजही सर्रास आढळणारा शब्द म्हणजे ‘मूकबधिर’. या जोडशब्दातला पहिला भाग बहुतेक वेळा वस्तुस्थितीला धरून नसतो. जन्मतः ऐकू न येणाऱ्या मुलाचे स्वरयंत्र सहसा निर्दोष असते. ते रडते, खदखदून हसते, आईला हाक मारते. मूल बोलायला शिकते ते ऐकून. कानावर शब्दच पडले नाहीत तर ते उचलणार कसे? लहान वयात श्रवणयंत्र किंवा कॉक्लिअर इम्प्लांट मिळाले आणि वाचा-उपचारांची जोड लाभली, तर अनेक मुले बोलू लागतात. त्यांचे उच्चार अनोळखी माणसाला कळायला थोडा वेळ लागतो, इतकेच. वयाच्या चाळिशीत किंवा सत्तरीत ऐकू येईनासे झालेल्यांची वाणी तर शाबूतच असते. आणि जे तोंडाने बोलत नाहीत, ते हातांनी आणि चेहऱ्याने बोलतात. त्यांनाही मूक म्हणता येत नाही.

कायद्याने या दोन गोष्टी वेगळ्या केल्या आहेत. २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. त्याने दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मानले असून श्रवणदोष आणि वाचा व भाषादोष हे त्यांतील स्वतंत्र प्रकार आहेत. स्वरयंत्र काढून टाकावे लागल्यामुळे किंवा मेंदूच्या विकारामुळे ज्यांची वाचा कायमची बाधित झाली, ते दुसऱ्या प्रकारात मोडतात. त्यांना ऐकू अगदी स्वच्छ येत असते. श्रवणदोषाचेही या कायद्याने दोन भाग केले आहेत. संभाषणाच्या ध्वनिकंप्रतांमध्ये दोन्ही कानांची श्रवणक्षमता ७० डेसिबल वा त्याहून अधिक घटली असेल ती व्यक्ती कर्णबधिर, आणि ही घट ६० ते ७० डेसिबल असेल तर ती व्यक्ती कमी ऐकू येणारी. समोरासमोर बसून केलेले साधे बोलणे सुमारे ६० डेसिबलचे असते, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्यांचा अर्थ उलगडतो.

व्याख्येत जरा फरक पडला की माणसांची संख्याही कशी बदलते, याचे उदाहरण जनगणनेत सापडते. २००१ च्या जनगणनेत देशात सुमारे १२.६ लाख श्रवणबाधित नोंदले गेले होते. २०११ मध्ये हा आकडा सुमारे ५०.७ लाखांवर गेला. दहा वर्षांत एवढे लोक अचानक बहिरे झाले, असा याचा अर्थ नाही. श्रवणयंत्र लावून ज्याला ऐकू येते, त्याला २००१ मध्ये गणतीत धरले नव्हते. २०११ मध्ये धरले. प्रश्नाची मांडणीही बदलली होती. वाचादोष असलेल्यांची स्वतंत्र नोंद त्याच २०११ च्या जनगणनेत सुमारे २० लाख अशी आहे. म्हणजे मोजणाऱ्यांनीही मूक आणि बधिर यांना केव्हाच वेगळे केले. जोडशब्द मात्र सुटला नाही.

शब्दांचा प्रवास

‘बहिरा’ हा शब्द संस्कृत ‘बधिर’वरूनच मराठीत आला. घरात आजोबांविषयी बोलताना तो सहज येतो आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. तोच शब्द चारचौघांत, नावाऐवजी, हाक म्हणून वापरला जातो तेव्हा मात्र त्याला शिवीची धार येते. गावोगावी कित्येकांची आयुष्ये ‘बहिऱ्या’ आणि ‘मुकी’ याच नावांनी गेली आहेत. त्यांचे खरे नाव शिधापत्रिकेवरच काय ते उरलेले असते. ‘मुका’ या शब्दाची संगत तर अधिकच वाईट. मराठीत मुकी असतात ती जनावरे. ‘मुकी बिचारी कुणीही हाका’ ही म्हण ज्या गुरांवरून आली, त्यांच्या दावणीला आपण नकळत माणसालाही बांधतो. इंग्रजीतील ‘डम्ब’ला मूर्ख हा अर्थ चिकटला आणि त्यामुळे ‘डेफ अँड डम्ब’ हा प्रयोग तिकडे अपमानास्पद ठरला. मराठीत तसे घडले नाही, असे सांगून काही जण ‘मूकबधिर’चे समर्थन करतात. दावणीचे हे नाते त्यांच्या नजरेतून सुटलेले दिसते.

‘कर्णबधिर’ या शब्दाची गंमत वेगळी आहे. बधिर म्हणजेच ज्याला ऐकू येत नाही असा, तेव्हा त्याला पुन्हा ‘कर्ण’ कशाला जोडायचा, असा आक्षेप संस्कृतज्ञ घेऊ शकतील. पण मराठीत ‘बधिर’चा अर्थ केव्हाच पसरला. पाय बधिर होतो, दात काढण्यापूर्वी हिरडी बधिर करतात, बातम्या वाचून मन बधिर होते. संवेदनाच नाही असा अर्थ त्याला आल्यावर ‘बधिर माणूस’ म्हणणे फारच भलते झाले असते. ‘कर्ण’ लावल्याने जे नाही ते फक्त कानापुरते नाही, हे स्पष्ट होते. म्हणूनच आजच्या मराठीत हा शब्द सर्वांत नेमका आणि सभ्य म्हणून टिकला आहे. ज्यांना थोडेफार ऐकू येते त्यांच्यासाठी ‘कमी ऐकू येणारे’ हे साधे शब्द पुरतात.

इतिहासात या शब्दांनी माणसाच्या मालमत्तेचाही निकाल लावला आहे. वारसा न मिळणाऱ्यांची यादी मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात आहे. तीत बधिर आणि मूक या दोघांचाही समावेश आहे. ब्रिटिश अमदानीत हिंदू कायदा न्यायालयांत लागू झाला तो अशा अपात्रतेसह. जन्मतः बहिऱ्या किंवा मुक्या व्यक्तीला वडिलोपार्जित मिळकतीत वाटा नाकारता येत असे. १९२८ च्या हिंदू वारसाविषयक अपात्रता निवारण कायद्याने मिताक्षरा परंपरेखालील प्रदेशांत हे थांबवले. महाराष्ट्र याच परंपरेतला. पुढे १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने अशा कोणत्याही शारीरिक व्यंगावरून वारसा नाकारता येणार नाही, हे देशभरासाठी स्पष्ट केले. अर्थात कायदा बदलला तरी कर्णबधिर भावाची सही ‘त्याला काय कळतंय’ म्हणत परस्पर घेण्याची वृत्ती कायद्याने जाणारी नव्हती.

शाळांच्या नावांचा उगमही त्याच काळातला. मुंबईत १८८५ मध्ये सुरू झालेली संस्था ही देशातील कर्णबधिरांची पहिली शाळा मानली जाते. तिच्या इंग्रजी नावात ‘डेफ-म्यूट्स’ होते, कारण जगभर तेव्हा हेच नाव चालत होते. त्याच सुमारास, १८८० मध्ये, इटलीतील मिलान येथे भरलेल्या शिक्षकांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने कर्णबधिर मुलांना केवळ तोंडी बोलण्याच्या पद्धतीनेच शिकवावे, खुणांची भाषा वर्गातून हद्दपार करावी, असा ठराव केला. ठराव करणारे जवळजवळ सगळेच ऐकू येणारे होते. त्याचा परिणाम पुढील शंभर वर्षे जगभरच्या शाळांत दिसला. मुलांचे हात बांधून ठेवण्याचे किंवा हातांवर छडी मारण्याचे प्रकार अनेक देशांत घडले. याच परिषदेच्या परंपरेतील व्हँकूवरच्या अधिवेशनाने २०१० मध्ये त्या ठरावांबद्दल खेद व्यक्त केला, तेव्हा १३० वर्षे उलटली होती.

‘खाणाखुणा’ की भाषा?

या इतिहासामुळेच ‘हातवारे’ आणि ‘खाणाखुणा’ हे शब्दही तपासून वापरायला हवेत. हातवारे आपण सगळेच करतो. कर्णबधिर समाज जे वापरतो ती भाषा आहे. विल्यम स्टोकी या अमेरिकी अभ्यासकाने १९६० मध्ये तेथील सांकेतिक भाषेची रचना मांडून दाखवली आणि तेव्हापासून भाषाशास्त्रात हा वाद मिटला. भारतीय सांकेतिक भाषेला स्वतःचे व्याकरण आहे. ती मराठीचे किंवा हिंदीचे हातांनी केलेले शब्दशः भाषांतर नव्हे. तिच्यात प्रश्नार्थक खूण सामान्यतः वाक्याच्या शेवटी येते, नकारही शेवटी येतो, आणि भुवया उंचावणे वा मान हलवणे हा व्याकरणाचाच भाग असतो. नव्वदच्या दशकात रविवारी दूरदर्शनवर लागणारे सांकेतिक भाषेतील बातमीपत्र अनेकांना आठवत असेल. निवेदकाच्या चेहऱ्यावरचे भाव पाहून घरोघरी मुले हसत असत. तो अभिनय नसून व्याकरण आहे, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते.

या समाजात माणसाला नावखूणही मिळते. एखाद्याच्या गालावरची खळी, कपाळावरचा व्रण, चष्मा सावरण्याची लकब यांवरून मित्रमंडळी ती ठरवतात. ती स्वतःची स्वतः ठेवायची नसते, दुसऱ्यांनी द्यावी लागते. एखाद्या ऐकू येणाऱ्या व्यक्तीला अशी नावखूण मिळणे म्हणजे त्या वर्तुळात तिला आपले मानल्याची पावतीच. ‘बहिऱ्या’ ही हाक आणि ही नावखूण या दोन्हींत शरीराच्या एखाद्या वैशिष्ट्याचाच आधार असतो. पण नाव कोणी कोणाला दिले, यावर सारे अवलंबून असते.

‘सांकेतिक भाषा’ हा सरकारी शब्द निर्दोष आहे असे नाही. मराठीत सांकेतिक म्हटले की गुप्त लिपीची आठवण होते. तरीही दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्रामुळे तो आता स्थिरावला आहे. २०१५ मध्ये स्थापन झालेल्या या केंद्राने २०१८ मध्ये तीन हजार शब्दांचा पहिला कोश काढला. २०२१ मधील तिसऱ्या आवृत्तीत ही संख्या दहा हजारांवर गेली. वैद्यक आणि कायद्यातील शब्दांच्या खुणाही त्यात आहेत. राष्ट्रीय मुक्त विद्यालयात माध्यमिक स्तरावर ही भाषा विषय म्हणून घेता येते. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत मात्र तिला स्थान नाही.

आपण एक भाषक समाज आहोत, असे मानणाऱ्यांचा ‘दोष’ आणि ‘बाधित’ या शब्दांनाच आक्षेप असतो. ‘श्रवणदोष’, ‘श्रवणबाधित’ हे शब्द ऐकू येणाऱ्यांना सौम्य आणि सुसंस्कृत वाटतात. पण त्यांत माणसाची ओळख कानाच्या बिघाडावरून ठरते, असे त्यांचे म्हणणे. जागतिक कर्णबधिर महासंघाने १९९१ मध्येच ‘डेफ’ आणि ‘हार्ड ऑफ हिअरिंग’ या दोन सरळ शब्दांना पसंती दिली आणि ‘हिअरिंग इम्पेअर्ड’ बाजूला ठेवला. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या करारात, ज्याला भारताने २००७ मध्ये मान्यता दिली, सांकेतिक भाषांना भाषा मानले आहे आणि कर्णबधिर संस्कृतीचा नावाने उल्लेख आहे. दुसरीकडे, वयोमानाने ऐकू येईनासे झालेल्या सेवानिवृत्त गृहस्थांना ‘कर्णबधिर समाज’ वगैरे आपला वाटण्याचे कारण नाही. त्यांना आपले ऐकणे गेले असेच वाटते आणि तसे म्हटलेले चालते. एकाच शब्दात दोघांना कोंबण्याचा हट्ट कशाला?

‘दिव्यांग’ हा शब्द या सर्वांत नवा आणि वादाचा. पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी डिसेंबर २०१५ मध्ये ‘मन की बात’मधून तो सुचवला आणि सरकारी कारभाराने उचलून धरला. महाराष्ट्रात अपंग कल्याण आयुक्तालयाचे नाव बदलले, २०२२ मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग स्थापन झाला. वांद्रे येथे १९८३ मध्ये स्थापन झालेल्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेच्या नावातील ‘हँडिकॅप्ड’ जाऊन तिथेही ‘दिव्यांगजन’ आले. ‘अपंग’पेक्षा हा शब्द बरा, असे अनेकांना वाटते. अनेक दिव्यांग संघटनांना मात्र तो पटत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या संबंधित समितीनेही २०१९ मध्ये भारताविषयीच्या अभिप्रायात हा शब्द वादग्रस्त असल्याची नोंद केली. अंगात दिव्यत्व आहे असे म्हटले की रेल्वे स्थानकावर उद्घोषणांबरोबर लेखी सूचनाही लावण्याची निकड जराशी कमी होते, हा त्यामागचा खरा आक्षेप. शिवाय हा शब्द सर्व २१ प्रकारांना लागू असल्याने बातमीतून तो काहीच सांगत नाही. ‘दिव्यांग तरुणाला गाडीची धडक’ या मथळ्यातून त्या तरुणाला दिसत नव्हते, चालता येत नव्हते की मागून आलेला भोंगा ऐकू आला नव्हता, यापैकी कशाचाच बोध होत नाही.

अरे-तुरे आणि ‘यांना विचारा’

मराठीत आदर हा नामापेक्षा सर्वनामात आणि क्रियापदात अधिक दिसतो. ‘कर्णबधिर’ हा निवडक शब्द वापरून पुढे ‘तो आला, तिला कळत नाही’ असे लिहिले तर शब्दाची निवड फुकट जाते. पन्नाशीच्या कर्णबधिर गृहस्थांना बँकेच्या खिडकीवर तिशीतला कर्मचारी ‘अरे, इथे सही कर’ म्हणतो, ते त्यांना ऐकू येत नाही हे खरे. पण ओठ, भुवया आणि हाताचा झटका त्यांना नेमका दिसतो. त्याहून अधिक खटकणारी गोष्ट म्हणजे सोबतच्या माणसाकडे पाहून ‘यांना विचारा, कुठं दुखतंय’ असे म्हणणे. दुभाषी सोबत असला तरी पाहायचे आणि बोलायचे ते कर्णबधिर व्यक्तीकडेच, ‘तुम्हाला कुठं दुखतंय?’ असे; दुभाषी आपले काम करतो.

ओठ वाचता येतात म्हणजे सगळे कळते, हाही एक गैरसमज. ‘पाप’, ‘बाप’ आणि ‘माप’ हे तीन शब्द आरशासमोर आवाज न करता उच्चारून पाहावेत. ओठांची हालचाल एकसारखीच दिसते. उरलेले संदर्भावरून ताडावे लागते. मोठ्याने ओरडल्याने ओठांचा आकार बिघडतो आणि तेवढेही कळेनासे होते. लिहून दाखवणे हा उपाय चांगला, पण सर्वांसाठी पुरेसा नाही. ज्यांची पहिली भाषा सांकेतिक आहे, त्यांच्यासाठी लेखी मराठी ही दुसरी भाषा असते. त्यांच्या चिठ्ठीतील विभक्ती चुकल्या म्हणजे ते अशिक्षित, असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे आहे.

वृत्तपत्रांच्या भाषेला आणखी दोन सवयी जडल्या आहेत. यशाच्या बातमीत ‘व्यंगावर मात’ आणि ‘निःशब्द विश्वातील भरारी’. अत्याचाराच्या बातमीत ‘मूकबधिर मुलीवर’. पहिल्या प्रकारात विद्यार्थिनीच्या अभ्यासापेक्षा तिचे कान मोठे होतात. दुसऱ्यात वाचकाच्या मनावर एवढेच ठसते की पीडितेला काही सांगता आले नसणार. वस्तुतः अशा पीडितेचा जबाब दुभाष्याच्या किंवा विशेष शिक्षकाच्या मदतीने, तिच्या घरी किंवा तिला सोयीच्या ठिकाणी घ्यावा आणि त्याचे चित्रीकरण करावे, ही तरतूद २०१३ पासून फौजदारी प्रक्रियेत आहे आणि नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही आहे. दुभाषी आला होता का, ही बातमीतील महत्त्वाची बाब असायला हवी. सप्टेंबर २०२३ मध्ये सारा सनी या कर्णबधिर वकील सांकेतिक भाषेच्या दुभाष्यासह सर्वोच्च न्यायालयासमोर उभ्या राहिल्या, तेव्हा हेच ठळकपणे दिसले: न्यायालयाला त्यांचे म्हणणे कळले ते दुभाष्याची सोय होती म्हणून.

सर्वोच्च न्यायालयाने ८ जुलै २०२४ रोजी एका हिंदी चित्रपटाच्या निमित्ताने दिलेल्या निकालात, संस्थात्मक भेदभावाला खतपाणी घालणारे शब्द पडद्यावर टाळावेत, असे सांगितले आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये न्यायाधीश व वकिलांसाठी दिव्यांग व्यक्तींविषयीची मार्गदर्शिकाही प्रसिद्ध केली. हेतुपुरस्सर, चारचौघांत दिव्यांग व्यक्तीचा अपमान करणे हा तर २०१६ च्या कायद्याच्या ९२ व्या कलमाखाली गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत आणि दंड. म्हणून भाषेतील प्रत्येक ‘मूक’ आणि ‘बहिरा’ खोडत सुटण्याचे कारण नाही. मूक मोर्चातील मौन हे मोर्चेकऱ्यांनी स्वतः निवडलेले असते. ‘सरकार बहिरे झाले आहे’ या वाक्प्रचाराबाबत मात्र थोडे थांबायला हरकत नाही. सरकारला ऐकू येत असूनही ते ऐकत नाही, अशी ती तक्रार असते. ज्यांना खरोखर ऐकू येत नाही त्यांचा या हटवादीपणाशी काय संबंध?

राहता राहिल्या शाळांच्या पाट्या. पुण्यासारख्या एकाच शहरात ‘मूकबधिर विद्यालय’ आणि ‘कर्णबधिर विद्यालय’ अशी दोन्ही नावे आढळतात. जुनी नावे देणगीदारांशी आणि दस्तऐवजांशी जोडलेली असतात. नोंदणीकृत न्यासाच्या नावात बदल करायचा तर विश्वस्तांचा ठराव आणि धर्मादाय आयुक्तांकडे बदल अर्ज येतो. त्यापुढे मान्यता आणि अनुदानाची कागदपत्रे. हे व्हायला काळ लागेल. तोवर संस्थेचे नोंदलेले नाव आहे तसे छापणे भाग आहे. पण त्याच बातमीच्या पुढच्या वाक्यात तिथल्या मुलांना ‘कर्णबधिर विद्यार्थी’ म्हणायला कोणत्याही कार्यालयाची परवानगी लागत नाही.